पाखराचा नकार

वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी दिली आहे. गायन, नृत्य, माळा गुंफणे, सुगंधी द्रव्ये तयार करणे अशा कलांच्या रांगेत पोपट-मैनांना बोलायला शिकवण्याचीही एक कला आहे. पाखराच्या तोंडून आपली भाषा ऐकण्याची माणसाची हौस इतकी जुनी. पुढे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाच्या दरबारात उजवा पाय उचलून आर्या म्हणतो आणि त्यानंतरची बहुतेक कथा त्याच्याच तोंडून उलगडते. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीतल्या एका अख्ख्या साहित्यप्रकाराला नाव मिळाले, त्याची कथा एक पोपट सांगतो, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. मंडनमिश्रांच्या दाराशी टांगलेले पोपट वेद स्वतःप्रमाण की परतःप्रमाण यावर वाद घालत, अशी आख्यायिका शंकराचार्यांच्या चरित्रात येते. आणि ओसरीवरच्या पिंजऱ्यात ‘विठू विठू’ म्हणणारा राघू तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरातलाच मानला गेला. या सगळ्या परंपरेत शिकवणाऱ्याची हौस ठळक दिसते. शिकणाऱ्याची मर्जी कुणी विचारल्याचे मात्र क्वचितच आढळते.

आज पहिल्यांदाच घरी पक्षी आणणारा माणूस जे प्रश्न विचारतो तेही याच हौसेतून येतात. किती दिवसांत हातावर बसेल? बोलायला कधी लागेल? चावला तर काय करायचे? हे प्रश्न व्यवहाराचे आहेत, पण त्यांच्या मुळाशी धर्माचा एक प्रश्न आहे आणि तो बाजूला ठेवला की व्यवहाराची उत्तरेही चुकतात. दुसऱ्या जिवाला आपल्या इच्छेप्रमाणे वळवण्याचा अधिकार आपल्याला कुठवर आहे? मला वाटते, त्या जिवाला ‘नाही’ म्हणता येते तिथवरच. पाखराला नकार देता आला पाहिजे, नकार दिल्याबद्दल त्याचे काही बिघडता कामा नये, आणि एवढे असूनही ते जवळ आले तरच आपण त्याला काही शिकवले असे म्हणता येईल. अहिंसेचा अर्थ ‘जीव घेऊ नये’ एवढाच धरला तर ही अट जाचक वाटेल. पण पतंजलीने योगसूत्रात अहिंसेची जी खूण सांगितली आहे ती वेगळी आहे. ज्याच्या ठायी अहिंसा स्थिर झाली त्याच्या सहवासात इतर जीव वैर सोडतात, असे ते सूत्र सांगते. म्हणजे अहिंसा आहे की नाही याचा निवाडा करणाऱ्याने स्वतः करायचा नाही. तो समोरच्या जिवाच्या वागण्यातून व्हायचा आहे. घाबरलेल्या पिल्लाइतका चोख निवाडा दुसरा कोण करील?

आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा छोटा पोपट. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी येते. पहिल्या दिवसापासून त्याला ‘हाताची सवय’ लावायची म्हणून माणूस पिंजऱ्यात हात घालतो. पिल्लू अंगाची पिसे चापून इवलेसे होते, गजांना चिकटते, चोच किंचित उघडून भराभर श्वास घेते. हात तरी पुढे येतोच. ते या दांडीवरून त्या दांडीवर फडफडते, हात मागोमाग जातो. असे चार-सहा दिवस गेले की एका सकाळी ते पळत नाही. बोट पोटाला लागल्यावर मुकाट्याने बोटावर चढते आणि निश्चल बसून राहते. घरात आनंद होतो, फोटो निघतात, ‘शिकला’ म्हणून सगळ्यांना कळवले जाते. मला हा क्षण फार दुःखाचा वाटतो, कारण त्या बसण्यात विश्वास आहे की हार, हे त्या घरातल्या कुणालाच सांगता यायचे नाही.

हा फरक भावनेच्या भरात काढलेला नाही. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत, आणि क्रूर म्हणूनही त्यांची आठवण ठेवली पाहिजे. काहीही केले तरी थांबत नाहीत असे विजेचे झटके ज्या कुत्र्यांना आधी दिले गेले, त्यांना नंतर अशा जागी ठेवले जिथे एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. त्यांतली पुष्कळशी कुत्री उठलीच नाहीत, पडल्या जागी सोसत राहिली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 साली, याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष दुरुस्त केला. कुत्री असहायता शिकली असे त्यांनी आधी म्हटले होते. मेंदूवरच्या पुढच्या संशोधनातून दिसले ते उलटे होते. दीर्घ त्रासापुढे गळून जाणे हा जिवाचा मूळचा प्रतिसाद आहे, ते शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते हे, की ‘माझ्या करण्याने काही फरक पडतो.’ पोपटाच्या पहिल्या धड्याबद्दल याहून नेमके बोलता येणार नाही. हात पुढे आला, पिल्लाने मान वळवली आणि हात थांबला, तर त्या पिल्लाने खरोखर काही शिकले. हात थांबलाच नाही तर ते फक्त गळून गेले.

इथे ज्ञानेश्वरीतला नळीवरचा पोपट आठवल्याशिवाय राहत नाही. सहाव्या अध्यायात, माणूसच आपला बंधू आणि माणूसच आपला वैरी हे सांगताना, ज्ञानदेवांनी तो दृष्टान्त घेतला आहे. पारध्याने बांधलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, पोपट उलटा होतो आणि पडण्याच्या भीतीने तीच नळी घट्ट धरून ठेवतो. पाय मोकळे, पंख मोकळे, तरी आपण अडकलो या कल्पनेने तो अडकतो. जीवात्म्याच्या बंधनाचे इतके अचूक चित्र दुसरे नाही. पण दृष्टान्त जिवासाठी आहे, पारध्यासाठी नाही. नळी कुणीतरी बांधलेली होती, ती फिरावी म्हणूनच बांधलेली होती, आणि भ्यालेला पोपट धरून ठेवतो हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. ‘तुझे बंधन तुझ्याच मनात आहे’ हे जिवाला सांगणे अध्यात्म आहे. तेच वाक्य नळी बांधणाऱ्याने पोपटाला ऐकवले तर तो अधर्म होतो. आणि घरातल्या पोपटाची गोष्ट तर दृष्टान्ताच्या नेमकी उलट आहे. तो खरोखर बांधलेला असतो, आणि तो मोकळाच आहे, सुखात आहे, ही कल्पना आपली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पोपट म्हणजे नुसती नक्कल, पोपटपंची हा शब्दच त्यावरून आला; ज्याला आपण काय बोलतो हे कळत नाही त्याचा होकार काय आणि नकार काय? हा शब्द पोपटावर अन्याय करणारा आहे, असे मी म्हणेन. व्हेनेझुएलात कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या रंगाच्या चिमुकल्या रानपोपटांचा अभ्यास केला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. या जातीत प्रत्येक पक्ष्याची स्वतःची अशी एक साद असते आणि इतर पक्षी त्याला त्या सादेने ओळखतात, नावासारखी. ही साद रक्तातून येते की शिकून, हे पाहण्यासाठी संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली. पिल्लांच्या सादा निघाल्या त्या वाढवणाऱ्या आईबापांशी जुळणाऱ्या, जन्मदात्यांशी नव्हे. म्हणजे पाळण्यात नाव ठेवण्यासारखेच काहीतरी त्या ढोलीत घडते. बजरीगरांत जोडी जमताना नर मादीची साद उचलतो. पोपटाच्या कंठाला जी अनुकरणाची देणगी आहे ती कुणाचे तरी होण्यासाठी आहे. घरातला एकटा पोपट ‘मिठू’ म्हणतो तेव्हा तो आपले मनोरंजन करत नसतो. त्याचा थवा आपण काढून घेतला आहे आणि उरलेल्या एकमेव थव्याची, म्हणजे आपली, साद तो शिकतो आहे. त्याचे बोलणे म्हणूनच हलक्याने घ्यायची गोष्ट नाही.

आणि अर्थ कळत नाही म्हणावे तर अ‍ॅलेक्सचे उदाहरण आहे. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली शिकागो परिसरातल्या एका दुकानातून सुमारे वर्षभराचा हा आफ्रिकी करडा पोपट घेतला आणि 2007 साली तो मरेपर्यंत, तीस वर्षे त्याच्यासोबत काम केले. अ‍ॅलेक्सचा शब्दसंग्रह शंभराच्या आसपास होता. तेवढ्यावर तो वस्तू, रंग, आकार ओळखून सांगे, सहापर्यंत मोजी, ‘सारखे’ आणि ‘वेगळे’ यांतला भेद सांगे. पण मला त्या यशाहून शिकवण्याची रीत मोठी वाटते. दोन माणसे पोपटासमोर बसत. एक जण वस्तू दाखवून विचारी, दुसरा सांगे, बरोबर सांगितले तर ती वस्तूच त्याला मिळे. मग दोघे भूमिका बदलत, शिकवणारा शिकणारा होई. पोपट हे पाहत राही आणि आपणहून मध्ये पडे. ‘लाकूड’ म्हटल्यावर बक्षीस म्हणून दाणा मिळत नसे, लाकूडच मिळे. शब्द उच्चारला की जगात त्याचे काहीतरी होते, हे त्याला पहिल्या दिवसापासून अनुभवाला येत होते. आणि त्याला ‘नाही’ हा शब्दही येत होता. प्रश्नांना कंटाळला की तो परत जायला मागे, कधी मुद्दाम चुकीची उत्तरे देत सुटे. जिथे विद्यार्थ्याला उठून जायची मुभा होती, तिथेच पक्ष्याच्या बुद्धीबद्दल इतके काही हाती लागले, हा योगायोग मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो अधिक आदराने घेतला पाहिजे. नामाचे सामर्थ्य समजण्यावर अवलंबून नाही, अशी भक्तिमार्गाची धारणा आहे. आग जाणून शिवली काय, नकळत शिवली काय, भाजतेच; तसेच नाम. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळ मरताना आपल्या मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि तेवढ्याने तरतो. मग पोपटाच्या तोंडी विठ्ठलाचे नाव घालण्यात वावगे काय? झाले तर त्याचे कल्याणच होईल. मी या श्रद्धेला हात लावत नाही. मी फक्त तिच्याच कथांकडे बोट दाखवतो. अजामिळाने मारलेली हाक देवाला उद्देशून नव्हती हे खरे, पण ती त्याची स्वतःची होती, भीतीतून आणि वात्सल्यातून आतून आलेली. कुणी त्याला उपाशी ठेवून ती वदवून घेतली नव्हती. आणि पोपटाला रामनाम शिकवणाऱ्या गणिकेची जी कथा कीर्तनातून आपण ऐकतो, तिच्यात उद्धार कुणाचा होतो? पोपटाच्या कानी नाम पडावे म्हणून तिला स्वतःला ते हजारदा घ्यावे लागले. शिष्य पिंजऱ्यात होता आणि साधना बाहेर घडत होती. या कथेचा आधार घेऊन जो पोपटाला दाण्यासाठी ताटकळत ठेवतो, त्याने कथेतला पोपट उचलला आणि नाम मागेच ठेवले. शिवाय दुसऱ्याला पुण्य लागावे म्हणून त्याला दुःख देण्याची परवानगी मला तरी कुठल्या संतवचनात दिसली नाही.

‘मग मुलांचे काय?’ हा प्रश्नही येतो. मुलाला पाटीवर बसवताना, दात घासायला लावताना, शुभंकरोती म्हणायला लावताना आपण कुठे त्याची परवानगी घेतो? ही तुलना मला मान्य आहे, म्हणूनच तिच्यातला फरक महत्त्वाचा आहे. मुलावर जे संस्कार होतात ते एके दिवशी त्याने घराबाहेर पडावे म्हणून होतात. आज लादलेल्या गोष्टीबद्दल उद्या ते मूल आपल्याला जाब विचारू शकते, आणि विचारतेच. पोपटाचा तो उद्या कधीच येत नाही. तो जन्मभर लहानच राहणार, अन्नापाण्यासाठी आपल्यावरच अवलंबून राहणार, आणि त्याची तक्रार भाषेत कधी यायची नाही. ती येईल ती उपटलेल्या पिसांत, तासन्‌तास एकाच जागी डोके हलवण्यात, चावण्यात. मुलाच्या बाबतीत काही काळासाठी जी सक्ती क्षम्य ठरते, ती इथे क्षम्य ठरत नाही, कारण इथे तो काळ संपतच नाही. चावणाऱ्या पोपटाला ‘मस्ती आली’ म्हणून चोचीवर टिचकी मारणे किती चूक आहे हे यावरून कळावे. मान वळवून सांगितले ते ऐकले नाही, मागे सरून सांगितले तेही ऐकले नाही, तेव्हा तो चावला.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण, आणि तो माझ्याच म्हणण्यातून निघतो. नकाराला इतका मान द्यायचा, तर पिंजऱ्यालाच पाखराचा नकार आहे; मग हातावर येण्याच्या त्या नाजूक शिष्टाचाराला काय अर्थ? यातले पहिले अर्धे मी पूर्ण मान्य करतो. आपला कंठवाला पोपट पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बाजारात येणारे पिल्लू बहुतेक वेळा ढोलीत हात घालून काढलेले असते. बाणभट्टाने हे दृश्य सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. वैशंपायन आपली जन्मकथा सांगतो तेव्हा एक म्हातारा शबर शाल्मलीच्या झाडावर चढतो, घरट्यांतून पिल्ले काढून माना मुरगळून खाली टाकतो, आणि पंखाखाली पिल्लाला झाकून बसलेल्या बापालाही मारतो. पिल्लू वाचते ते पाचोळ्याच्या ढिगावर पडल्यामुळे. दरबारात आर्या म्हणणाऱ्या त्या विद्वान पक्ष्यामागे हे झाड उभे आहे, आणि बाणाने ते लपवले नाही. ओसरीवरच्या प्रत्येक राघूमागे असेच एखादे झाड होते. पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 साली म्हटले, तेव्हा कायद्याने जुन्या करुणेलाच नवा शब्द दिला.

पण पिंजऱ्यातच पैदा झालेल्या बजरीगराला पुण्याच्या किंवा नागपूरच्या आकाशात सोडून देणे ही मुक्ती नव्हे. त्याला इथला दाणापाणी माहीत नाही, ससाणा आणि मांजर माहीत नाहीत. मोकळे सोडल्याचे समाधान आपल्याला मिळेल, मरण त्याला येईल. त्याच्यापाशी आकाश नाही आणि ते परत देणे आपल्या हातात नाही. एका मोठ्या नकाराची संधी त्याच्या जन्माआधीच गेलेली आहे. म्हणून लहान नकारांचे मोल वाढते, कमी होत नाही. ज्याचे सगळे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याला निदान हे ठरवता यावे, की आत्ता या हातावर बसायचे की नाही. मला हे कर्जफेडीसारखे वाटते, आणि कर्ज फेडणाऱ्याने उपकाराची भाषा करू नये. पंख कापू नयेत. उपाशी ठेवून दाण्याचे आमिष दाखवू नये. एकटा ठेवू नये. नारंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांवर कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिसला, झालेल्या अभ्यासांत दिसले आहे की सोबती दिला, कुरतडायला आणि शोधून खायला काही दिले, की पिसे उपटणे व तेच ते चाळे कमी होतात. सोबती दिला तर पोपट माणसाशी कमी बोलेल, अशी भीती नव्या मालकाला घातली जाते. बोलेल कमी, कदाचित. त्याला बोलायला कुणीतरी मिळाले म्हणून तो आपल्याशी कमी बोलत असेल, तर त्यात हळहळण्यासारखे काय आहे? आणि ‘पिंजरा हे त्याचेच प्रारब्ध’ असे कुणी म्हटले, तर प्रारब्धाचा सिद्धान्त सोसणाऱ्याने स्वतःच्या धीरासाठी धरायचा असतो, किल्ली हातात असलेल्याने दुसऱ्यासाठी नाही.

महाभारताच्या अनुशासनपर्वात एक शुक आहे. पारध्याचा विषारी बाण चुकून एका मोठ्या झाडाला लागतो, झाड वाळते, पाने-फळे झडतात, सगळे पक्षी निघून जातात. एक पोपट तेवढा ढोलीतच राहतो, अन्नावाचून झाडाबरोबर वाळत. ब्राह्मणाच्या वेषात आलेला इंद्र त्याला विचारतो, रानात एवढी हिरवी झाडे असताना तू इथेच का? पोपट सांगतो की मी इथे जन्मलो, या झाडाने मला सांभाळले, आता याला सोडून कसा जाऊ? इंद्र प्रसन्न होऊन वर देतो तेव्हा तो झाड पुन्हा हिरवे व्हावे एवढेच मागतो. या गोष्टीत इंद्राच्या प्रश्नाला अर्थ आहे, कारण पोपटाला जाता येत होते. पंख शाबूत होते, सगळे रान मोकळे होते. तोच पोपट त्या झाडाला साखळीने बांधलेला असता, तर इंद्राने प्रश्न विचारलाच नसता आणि व्यासांनी ती गोष्ट सांगितली नसती.

घरात आणलेल्या पिल्लाच्या शिकवणीला म्हणून घाई लागत नाही. पहिले काही दिवस पिंजऱ्याशेजारी नुसते बसायचे, आपले काम करत, हळू आवाजात बोलत. मग गजांबाहेरून राळ्याचे कणीस धरायचे. पिल्लू मान लांब करते, एक दाणा टिपते, मागे सरते. त्याने पिसे चापली की कणीस मागे घ्यायचे, त्याने पाहावे असे. कुणाला आठवडा लागतो, कुणाला तीन महिने. एखाद्याला कधीच हातावर यावेसे वाटत नाही, आणि त्याला दांडीवरच राहू द्यायचे. मग खोलीच्या खिडक्या लावून, पंखा बंद करून, पिंजऱ्याचे दार उघडे ठेवायचे आणि हात आत न घालता बाहेरच धरायचा, तळहातावर कणीस. पिल्लू दाराच्या उंबऱ्यावर येते. एक पाय गजावर, एक हवेत. मागे दांडी आहे, पाणी आहे, दाण्याची वाटीही भरलेली आहे.